चित्राखालची पट्टी

कॅलेंडरच्या चित्राखालची पट्टी कापून टाकायची, हा आमच्या दुकानाचा रिवाज होता. मनामाच्या जुन्या बाजारात एका गल्लीच्या तोंडाशी हे फ्रेमचं दुकान होतं. गिऱ्हाईक गणपती आणो, मक्का आणो, नाहीतर केरळच्या नर्सने आणलेली मेरी असो, चित्राच्या खाली कुठल्या तरी किराणा दुकानाची किंवा ट्रॅव्हल एजंटची जाहिरात असायचीच. नाव, पत्ता, फोन, पोस्ट बॉक्स. हात जोडताना समोर पोस्ट बॉक्स कुणाला हवा असतो? चाचा स्टीलची फूटपट्टी चित्राच्या कडेला लावायचे, पातं एकदाच ओढायचे, आणि जाहिरात जमिनीवर पडायची. संध्याकाळी झाडताना अशा पंधरा-वीस जाहिराती केरात निघायच्या.

चाचा आमच्या दुकानाचे कारागीर. श्रीवर्धनकडचे, पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षं एकाच टेबलापाशी उभे राहून काच आणि लाकूड कापणारे. माझे ते कुणी नव्हते. बाजारातले कोकणातले सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. मी काउंटरवरचा क्लार्क, वय तेवीस, नव्वदचं दशक अर्धं उलटलेलं. दुकानाचा मालक बहरीनी होता, त्याला आम्ही अरबाब म्हणायचो. तो सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा यायचा, आणि आमचे दोघांचे पासपोर्ट त्याच्या लोखंडी कपाटात असायचे.

मी छापखान्यात वाढलो. इचलकरंजीत वडील खिळे, म्हणजे छपाईची शिशाची उलटी अक्षरं, जुळवायचे. छापखाना दुसऱ्याचा, त्याच्या मागची खोली आमची. लग्नपत्रिका आणि बिलबुकांवर छापखाना चालायचा आणि पत्रकांवर वडील जगायचे. यंत्रमाग कामगार, शाळामास्तर, पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्या बायका, सगळ्यांची पत्रकं आमच्याकडे छापली जायची. मी वाचायला शिकलो तो त्यांच्यावरच. ‘निषेध’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होता. वडिलांचा एकच हट्ट असायचा, पत्रकाच्या तळाला मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं हवीतच. तसा कायदाही आहे, पण त्यांना ती कायद्याची गोष्ट वाटत नव्हती. शिव्या द्यायच्या तर खाली नाव घालून द्या, असं ते म्हणायचे. त्या एका ओळीपायी त्यांना दोनदा पोलीस स्टेशनात जाऊन बसावं लागलं, आणि दोन्ही वेळा ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

पुढे ऑफसेट आलं, आमचा छापखाना बंद पडला. मी स्वतःच्या नावाने दोन पत्रकं काढली होती. तेवढ्या भांडवलावर मला इचलकरंजीत कोणी नोकरी देईना. मुंबईच्या एजंटाने बहरीनला पाठवलं.

तिथे एका खोलीत आम्ही चौघे होतो आणि चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. आम्ही एकमेकांना जास्त करून झोपलेलेच पाहिलं. दोघे मल्याळम बोलायचे, एक तेलुगू, आणि माझ्याशी तिघेही हिंदीत, तेही बाथरूमच्या पाळीपुरतं. एकदा गणपतीत कुणीतरी मला मराठी लोकांच्या घरी नेलं. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, अकाउंटंट, बँकवाले. माणसं वाईट नव्हती. एकाने विचारलं, कुठल्या कंपनीत? फ्रेमच्या दुकानात, मी म्हणालो. तो म्हणाला, “अच्छा, म्हणजे आर्ट गॅलरी?” मी नाही म्हटल्यावर त्याने माझ्या हातात मोदकाची बशी दिली आणि दुसरीकडे वळला. त्याच्या मुलीला मी मराठीत नाव विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं आणि पळाली. मी पुन्हा गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी बसवून घेतलंही असतं, पण माझा ताठा मोठा होता.

म्हणजे अख्ख्या बेटावर माझं मराठी चाचांपुरतं. काचेचे तक्ते जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायचे, ती पत्रं मी सरळ करून वाचत बसायचो. म्हणून चाचा मला ‘पेपरवाला’ म्हणायचे, आणि रागावले की ‘घाटावरचा’. “ह्या पेपरवाल्याला मल्याळम पेपर द्या, तो चित्रं तरी बघंल,” असं ते गिऱ्हाइकांनाही सांगायचे. दिवसभरात ते जेवढं बोलायचे तेवढंच मी ऐकायचो. शुक्रवारी दुकान बंद असलं की मला माझाच आवाज परका वाटायचा.

त्या हिवाळ्यात एक इंग्रज आला. अस्करच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर होता. काखेत काळी पेटीवजा फाइल. तिच्यात पातळ कागदांच्या घड्यांमध्ये चौदा चित्रं होती, हाताने रंगवलेली. त्याच्या पणजोबाने जमवलेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. मला आधी वाटलं, घोडे आणि शिकारी असतील. साहेबांच्या घरांसाठी आम्ही तसलेच फ्रेम करायचो. पण वरच्याच चित्रात एक राजा होता, इतका फुगलेला की त्याच्या तुमानीची बटणं गोळ्यांसारखी उडत होती आणि दरबारी ढालीआड लपत होते. दुसऱ्यात राजाला तराजूत घातला होता. दुसऱ्या पारड्यात करांखाली वाकलेली शंभर माणसं, आणि तरी राजाचंच पारडं खाली. तिसऱ्यात न्यायाधीश होते, टोपासकट कावळे झालेले, वाळत घातलेल्या कायद्यांवर बसलेले. प्रत्येकाच्या तोंडातून धुरासारखा फुगा निघायचा आणि त्यात बारीक अक्षरांत शिव्या असायच्या.

मी काउंटरमागे उभा होतो आणि माझे कान गरम झाले. हे काय आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. ही पत्रकंच होती.

मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. त्यालाही बहुधा ऐकणारं कुणी मिळत नसावं. लंडनमध्ये ही चित्रं विकणारी दुकानं होती, ती नवं चित्र खिडकीत लावायची, आणि ज्यांना वाचता येत नाही असे लोकही रस्त्यात गर्दी करून फुकट हसायचे. श्रीमंत लोक चित्रांची अख्खी वही एका संध्याकाळपुरती भाड्याने न्यायचे. रंग भरायला बायका-पोरं ओळीने बसायची, एक फक्त लाल कोट रंगवणार, दुसरी फक्त निळं आकाश, म्हणून रंग रेषेबाहेर गेलेला. राजा स्वतःची चित्रं पैसे देऊन दाबायला बघायचा, त्यामुळे चित्रकार आणखी काढायचे. आणि तांब्याच्या पत्र्यावर ही सगळी अक्षरं उलटी कोरायची. उलटी अक्षरं वाचणारा माणूस मी रोज जेवताना समोर पाहिला होता.

प्रत्येक चित्राच्या तळाशी, कोऱ्या कागदावर, एक ओळ होती. छापणाऱ्याचं नाव, दुकानाचा पत्ता, तारीख. कायद्यानेच ती घालावी लागायची, इंग्रज म्हणाला. जाताना त्याने दोनदा बजावलं, कागद आहे तसा राहू दे, काठाला हात लावायचा नाही. मी दोनदा हो म्हणालो.

पुढचे तीन दिवस आम्ही जेवणाच्या सुट्टीत ती चित्रं पाहिली. हात धुऊन, पुसून, मगच. चाचांना प्रत्येक माणूस कोण ते हवं असायचं.

“ह्यो जाडा कोण?”

राजा, मी म्हणालो.

“राजा. आणि काढणाऱ्याला पकडला नाय?”

मी तिथेच भाषण सुरू केलं. खटले भरले जायचे, पण न्यायालयात चित्र दाखवलं की लोकच हसायचे, मग शिक्षा कशी देणार, असं इंग्रजाने सांगितलं होतं ते मी चौपट करून सांगितलं. सत्तेला हसणारा माणूस भीत नाही, आपलं नाव खाली घालतो, वगैरे. चाचा डब्यातल्या माशाचे काटे काढत ऐकत होते. मग हात धुऊन त्यांनी एक चित्र पुढे ओढलं. त्यात एक किडकिडीत माणूस विहिरीएवढं तोंड उघडून स्वातंत्र्यावर बोलत होता, आणि उंच दिसावं म्हणून एका जाड शेतकऱ्याच्या खांद्यावर उभा होता. शेतकऱ्याचे गुडघे वाकलेले. चाचा इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

“ह्यो तू. बघ, खालच्याला इचारतोय का, बाबा तुझं बरं हाय ना?”

मला ते लागलं. मी म्हणालो, हे चित्र काढणारा श्रीमंतांचा बगलबच्चा असणार. चाचा म्हणाले, असंल, पण चित्र बरोबर हाय.

त्याच आठवड्यात आम्ही दोघे व्हॅनमधून मआमीरला एका घरी मोठा आरसा द्यायला गेलो होतो. गल्लीतल्या भिंतींवर पांढऱ्या रंगाचे ताजे चौकोन होते. रात्री कुणी सरकारविरुद्ध लिहायचं, सकाळी त्यावर रंग फासला जायचा. एका चौकोनाखालून अक्षरांच्या शेपट्या दिसत होत्या. मला अरबी येत नव्हतं, तरी मी खिडकीतून मान बाहेर काढली. चाचांनी माझी कॉलर धरून आत ओढलं. “तुझा व्हिसा भिंतीवर नाय, अरबाबच्या कपाटात हाय. गप बस.” परतताना मी दुसऱ्या बाजूला तोंड करून बसलो. भित्र्या माणसाबरोबर काम करतोय असं मनात म्हणत राहिलो.

आता चूक.

प्रत्येक कामाची चिठ्ठी मी लिहायची असायची. माप, फ्रेमचा नंबर, चित्राभोवतीच्या माउंटचा रंग, आणि शेवटचा रकाना पट्टीचा. ठेवायची असेल तर तसं लिहायचं. रकाना कोरा असेल तर कापायची, कारण शंभरातली नव्व्याण्णव कामं कापायचीच असायची. इंग्रजाची चिठ्ठी मी त्याच्यासमोरच लिहायला घेतली होती, पण मध्येच चित्रांतल्या फुग्यांमधली वाक्यं माझ्या वहीत उतरवू लागलो. त्या नादात शेवटचा रकाना राहिला. तोंडी सांगावं, तेही सुचलं नाही. तीन दिवस आम्ही त्या चित्रांवर बोललो, राजा, मंत्री, कावळे, सगळ्यांवर. काठाबद्दल मी चाचांना एक शब्द सांगितला नाही.

सोमवारी मी अरादला एका घरी कुटुंबाच्या फोटोंच्या फ्रेम पोचवायला गेलो. दुपारी परत आलो तर टेबलावर तराजूतला राजा होता आणि टेबलाखाली, गणपतीखालून कापलेल्या अगरबत्तीच्या जाहिरातीशेजारी, जाड पिवळट कागदाची एक लांब पट्टी पडली होती.

मी ती उचलली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि पातं खाली ठेवलं.

“दुकानाची जाहिरात व्हती ना? पत्ता हाय बघ.”

ती दुकानाची जाहिरातच होती. त्यांना मी चूक कसं म्हणणार? एवढं एकच चित्र कापलं होतं, बाकीची तेरा वाचली. मी चिठ्ठी बघितली. त्यांनीही बघितली, माझ्या खांद्यावरून. कोरा रकाना आम्हा दोघांनाही दिसला. त्यांनी चिठ्ठी परत खिळ्याला अडकवली.

दुपारभर त्यांनी गव्हाची खळ करून, मागून पातळ कागद लावून ती पट्टी जोडली. असं काम मी पुन्हा पाहिलं नाही. केसाएवढी रेघ राहिली. काच घातल्यावर दिसायची नाय, ते म्हणाले, खलास.

इथे माझ्यातला पत्रकवाला जागा झाला. मी म्हणालो, सांगायलाच हवं. लपवणं म्हणजे खोटं बोलणं. चाचांनी नेहमीपेक्षा हळू आवाजात मला समजावलं. गेल्या वर्षी एका हॉटेलचा आरसा त्यांच्या हातून फुटला होता. तेव्हा अरबाब म्हणाला होता की तुझे डोळे गेले, आणखी एक चूक झाली की घरी जा. “गावाला माझं काय हाय? दोन महिने सुट्टीला जातो, पाहुण्यासारखा. तिसऱ्या महिन्यात भाऊच इचारतात, कधी निघणार. हे टेबल हाय, बस.”

मी म्हणालो, चाचा, काळजी करू नका, मी बोलेन. काय बोलेन ते मी सांगितलं नाही. कोऱ्या रकान्याबद्दल बोलेन, असं त्यांना वाटलं असणार. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

बुधवारी इंग्रज आला तेव्हा अरबाब गल्ल्यापाशी बसला होता. मी चित्र समोर ठेवलं आणि इंग्रजीत सगळं सांगितलं, की काठ कापला गेला, जोडला आहे, रेघ इथे आहे, आणि हे न सांगता काच घालणं आम्हाला पटलं नाही. वाक्यं मी आदल्या दिवशी पाठ केली होती. इंग्रज बराच वेळ रेघेवरून बोट न लावता बोट फिरवत राहिला. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने हात पुढे केला, माझा हात दाबला, आणि म्हणाला की इतकं खरं सांगणारा दुकानदार त्याला भेटला नव्हता.

अरबाबला इंग्रजी येत होतं. त्याने चढ्या आवाजात काही म्हटलं नाही. नुसतं विचारलं, “कौन काटा?”

“मैं,” चाचा म्हणाले.

त्यानंतर माझ्या बोलण्याएवढी एक जागा होती. मी आजही ती मोजू शकतो. पंख्याचा आवाज, बाहेर हातगाडीची घंटी, इंग्रज चित्राला पातळ कागद लावतोय. चिठ्ठी माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होती. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, टेबलावरचा कचरा हाताने एका बाजूला करत राहिले. मी स्वतःला सांगत होतो की अरबाबने कापणाऱ्याचं नाव विचारलंय, आणि कापलं चाचांनीच, म्हणजे उत्तर खरंच आहे. मी कपाटाकडे पाहिलं. चिठ्ठी खिळ्यालाच राहिली.

इंग्रजाने ते चित्र तसंच परत नेलं. उरलेली तेरा मात्र आमच्याकडेच ठेवली, माझ्यावर विश्वास ठेवून. ती चाचांनी केली, काठाला धक्का न लावता, एकेक चित्राला अर्धा दिवस देत.

आठवड्याने अरबाबने निर्णय सांगितला. चाचांचा व्हिसा फेब्रुवारीअखेर संपतो, तो नवा होणार नाही. साहेब लोक एकदा तुटले की अख्खी कॉलनी तुटते, तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थोडी शरमच होती. तोपर्यंत चाचांनी मला काम शिकवायचं. काउंटरला कुणीतरी मिळेल.

दोन महिने ते मला शिकवत होते. पातं अंगठ्याने नाही, खांद्याने ओढायचं. काच कापताना श्वास सोडायचा. लाकडाचा कोपरा जुळला नाही तर लांबी बघायची, कोनाला दोष द्यायचा नाही. त्यांनी एकदाही हात राखून शिकवलं नाही. फक्त मला पेपरवाला म्हणणं थांबलं. काचेची वर्तमानपत्रं आली की ते ती नीट घडी करून माझ्यापुढे ठेवायचे आणि निघून जायचे. मी रोज सकाळी ठरवायचो की आज अरबाबला चिठ्ठी दाखवीन, आणि रोज काही ना काही निघायचं. अरबाब घाईत असायचा, नाहीतर गिऱ्हाईक असायचं, नाहीतर तो आलेलाच नसायचा. खोलीवर आलो की मी वहीत अन्यायावर लिहायचो. जगातल्या सगळ्या अन्यायांवर.

शेवटच्या दिवशी दुपारी चाचा हत्यारं तेलाने पुसत होते. टेबलाच्या पायांखाली त्यांनी कधीकाळी लाकडाचे ठोकळे घातले होते, स्वतः उंच होते म्हणून. ते काढून टाकायला मी टेबल उचलून धरलं आणि ते खाली वाकले. त्यांचं तोंड दिसत नव्हतं म्हणूनच मला बोलता आलं असावं.

“चाचा, रकाना मी कोरा ठेवला होता.”

एक ठोकळा निघाला. मग दुसरा.

“मला म्हाईत हाय.”

“मग तुम्ही अरबाबला का नाही सांगितलं?”

ते उठले, गुडघे झटकले. “तू सांगशील म्हणून थांबलो व्हतो. बुधवारी थांबलो, मग आठवडाभर थांबलो. म्हटलं, एवढी पत्रकं वाचलेला पोरगा हाय, बोलंल.” त्यांनी ठोकळे कोपऱ्यात रचले. “मी सांगितलं असतं तर दोघांची भांडणं झाली असती, अरबाबनं दोघांनाबी पाठवलं असतं. तू सांगितलं असतंस तर तो हसला असता. नवा पोरगा चुकतोच. टेबल खाली ठेव, हात भरून येतील.”

मी टेबल खाली ठेवलं. ते आता माझ्या उंचीला बरोबर बसत होतं.

विमानतळावर मी गेलो नाही. बोलावलं नव्हतं त्यांनी, आणि कोकणातले दहाजण त्यांना सोडायला जाणार होते. त्यांच्यात मी काय तोंड घेऊन उभा राहणार होतो?

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. अरबाब आला तेव्हा चिठ्ठी खिळ्यावरून काढून त्याच्या हातात दिली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि हिंदीत सांगितलं की चूक चाचांची नव्हती, माझी होती. त्याने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. माझ्याकडे पाहिलं. मग चिठ्ठी तिच्या जागी परत अडकवली.

“अभी बोलता है,” तो म्हणाला. “वो तो घर पहुँच गया. यल्ला, शटर खोलो.”

मी शटर वर केलं. पहिलं गिऱ्हाईक एक फिलिपिनो बाई होती. तिने कागदाच्या नळीतून येशूचं चित्र काढलं आणि खुणेनेच विचारलं, किती वेळ लागेल? मी बोटं दाखवली, दोन तास. मग टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. संध्याकाळपर्यंत मला कुणाशीही, कुठल्याच भाषेत, याहून जास्त बोलावं लागलं नाही.